मार्थाबाईंनी पाहिलेला नंबर

श्रीगोंदे, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९४६

काल बाजारातून परतताना एका मोटारीनं ह्यांना उडवलं आणि ती थांबलीच नाही. मी ओरडत तिच्यामागे धावले. वळून पाहते तो ह्यांच्या शाळेतल्या मार्थाबाई रस्त्यातच बसलेल्या, ह्यांचं डोकं मांडीवर! पदर फाडून त्यांनी जखम बांधली, टांगा बोलावला. मोटारीचा नंबरसुद्धा त्यांनीच पाहिला. मी नुसती धूळ पाहिली.

धोका टळला, म्हणतात डॉक्टर. पण शुद्धीवर येताच ह्यांनी विचारलं, "मार्थाबाई गेल्या का?" मी समोर उभी असताना! डोकं त्यांच्या मांडीवर... ते डोळ्यांपुढून हलत नाही. मी का नाही बसले तिथं?

आज संध्याकाळी फौजदार आले. "नंबर कुणी पाहिला?" वाटलं, माहीत नाही म्हणावं. म्हणजे त्यांचं नावच निघणार नाही, नि त्या पुन्हा आमच्या घरात यायला नकोत. पण तो मोटारवाला सुटला असता. मीच फौजदारांना त्यांच्याकडे घेऊन गेले.

मार्थाबाईंनी नंबर सांगितला. आम्ही निघताना मला हळूच म्हणाल्या, "ताई, सरांना उद्या बघायला येऊ का?"

"या की," म्हटलं. म्हणताना जीव जळला, पण म्हटलं.