बत्तीस लुगडी

११ फेब्रुवारी, मंगळवार

माती फासली! पांढऱ्या लुगड्यांवर आधी चहाचं पाणी शिंपडलं, मग माती. आणि वरून म्हणे – आता कसं खरं वाटतंय!

खरं? या सिनेमावाल्यांना काय ठाऊक खरं काय ते! 'निळीची पुडी' मी सातवीत असताना पहिल्यांदा वाचलं. नंतर किती वेळा, देव जाणे – नाही, देव कशाला, मीच जाणे. पूर्णेत आमच्या बौद्ध वस्तीत ते पुस्तक नाही असं घर नाही. छप्पन साली आमच्या गावात दीक्षा झाली त्या सकाळचं पान तर कुणीही डोळे मिटून सांगेल. अकरा वर्षांची सरी ताडकळसच्या बाजारातून निळीची एकच पुडी आणते. एका घमेल्यात सगळी वस्ती आपली लुगडी बुडवते. शुभ्र होऊन बाया प्रतिज्ञा घ्यायला उभ्या राहतात.

ती सरी म्हणजे माझी माय, सरजाबाई. आता ऐंशीची आहे. पुस्तक लिहिणारे मास्तर गेले, त्या घमेल्यात हात घातलेल्या बाया गेल्या. उरली ती एकटी माय.

म्हणून तर स्टेशनच्या तिकीट खिडकीवरून रजा काढली. या पुस्तकावरच्या सिनेमाला माणसं पुरवायचं काम आमच्या गल्लीतल्या पप्पूकडं. तो म्हणाला, "ताई, गर्दीला बाया पायजेत. दीक्षेचाच शीन हाय." मायला म्हटलं, चल, तुझीच सकाळ आहे. गडी खूश! ठेवणीतल्या चपला घालून जीपमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

आणि तिथं काय, तर माती! मी पुस्तक नेलं होतं. पान उघडून दिग्दर्शकाच्या नाकासमोर धरलं. त्यानं बघितलंसुद्धा नाही. "मॅडम, पुस्तक वेगळं, सिनेमा वेगळा. लोकांना गरिबी दिसायला हवी." डोंबल दिसायला हवी!

माय पहिल्या रांगेत बसली होती. चार तास उन्हात, त्या मळक्या लुगड्यात.

कपडे बदलायला बायांना जागा केलेली नाही. तशाच घरी आलो.

१२ फेब्रुवारी, सकाळ

माय काल जेवली नाही. आता न्हाणीत काहीतरी आपटतेय.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

काय दिवस! आज रागानं लिहीत नाही. म्हणजे रागानंच, पण चांगल्या.

मायनं लुगडं धुतलं. नुसतं धुतलं नाही, नीळ दिली. आणि शेजारच्या बायनाबाईला घरोघर पाठवलं – दीक्षेला घाणेरडं लुगडं नेसून कुणी जात नसतं, धुवा. शूटिंग दुपारचं होतं. तोवर बत्तीस लुगडी खडखडीत वाळली.

जीपमधून उतरलो तर कपडेवाली पोरगी किंचाळली. कालच्या शूटिंगमध्ये मळकी, आज पांढरी, जुळणार कसं? पप्पू कपाळ बडवून घेत होता, "बायनामावशे, काय करून बसलीस! माझं काम जाईल की गं!" दिग्दर्शक आला तो तणतणतच. परत माती लावा म्हणाला. एक बाई जागची हलली नाही. बायनाबाई म्हणाली, "गरीब हुतो सायब. घाण न्हवतो."

त्यानं घड्याळाकडं बघितलं. ऊन कलायला लागलं होतं, दुसऱ्या दिवशी गर्दी वेगळ्याच सीनसाठी ठरलेली. शेवटी कालचं सगळं टाकून दिलं आणि पांढऱ्या लुगड्यांवर पुन्हा शूट केलं. जिंकलो!

मायशी बोलायला गेले. "थकले मी," म्हणून कुशीवर वळली. कालपासून माझ्याशी धड बोललेली नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

ट्रेलर आला. मोबाईल भिंतीवर फेकणार होते.

लुगडी मळकी! बत्तीसच्या बत्तीस! पप्पूला फोन लावला. म्हणतो, "ताई, ते काँप्युटरवर रंग बदलतेत. तिथं आपलं काय चालायलंय?" म्हणजे आम्ही धुवायचं आणि यांनी मुंबईत एसीत बसून मळवायचं! माझ्या मायला, सरीला! थू!

एक गोष्ट त्या दिवशी लिहिली नाही. 'माती फासली' एवढंच लिहिलं. कुणी फासली ते नाही लिहिलं. मायनं कपडेवालीला हात लावू दिला नव्हता. ती पोरगी म्हणाली, "आजींना पहिल्या रांगेत बसवते, पण असं पांढरं लुगडं नाही चालणार. ताई, तुम्हीच माती लावा ना." मला माय पुढं दिसायला हवी होती. काखेत पुस्तक धरलं आणि दोन्ही हातांनी लावली. पदराला, निऱ्यांना.

सात महिने दुसऱ्यांना शिव्या घालतेय.

९ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या परभणीत पहिला खेळ. बत्तीसही बाया पांढऱ्या लुगड्यांत जाणार, बघू काय दाखवतात ते. माय घमेल्यात नीळ कालवत होती. एकदाचं विचारलं – त्या दिवशी कपडेवालीला झिडकारलंस, मलाच का नाही अडवलंस?

म्हणाली, "तुज्या काखेत पुस्तक हुतं. मला कुठं वाचाय येतंय? मला वाटलं, तवा लुगडी मळकीच आसतील, मीच इसरले आसंन. रातभर आठवून आठवून बघितलं. मंग उठून धुतलं."

मग लुगड्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, पिळायला.