दाढेखालचा दात

मी, इंद्रायणी ज्योतीराम ढाकणे, वय सत्तावीस, राहणार रावेत. मंगळवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे, म्हणून हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. हात कोणी धरलेला नाही.

१. बँकेतील शिल्लक व स्कूटर आईला. मागचा ब्रेक नीट लागत नाही, हे विकताना सांगावे.

२. बारीक मापे घेण्याचा व्हर्नियर कॅलिपर बाबांना परत. ते चाकणच्या फाउंड्रीत कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, तपासतात. माझी तब्येत नाजूक म्हणून चौथीपर्यंत त्यांनीच घरी शिकवले. “इंदू, दोनदा मोज, मग तोंड उघड,” हा पहिला धडा.

३. माझे मार्गदर्शक डॉ. समर्थ निगडे यांना एक एक्स-रे. कारण नोंदवणे भाग आहे.

विदर्भात सापडलेला बोटाएवढा जीवाश्म जबडा साफ करायला माझ्याकडे होता. त्यात मी चार दाढा मोजल्या. पिशवीत पिल्ले वाढवणाऱ्या प्राण्यांना एका बाजूला चार दाढा असतात, आपल्यासारख्यांना तीन. असाच पिशवीवाला ओपॉसम आज फक्त अमेरिकेत आहे, पण त्याच्या दूरच्या नातलगांचे दात आशियातही मिळाले आहेत. आता भारतातही मिळाले, असे मी वहीत लिहिले. ही पहिली चूक माझी.

आठवड्याने शंका आली. पिल्लाची दुधाची दाढ खऱ्या दाढेसारखीच दिसते.

“सर, छापण्याआधी एक्स-रे काढू या.”

“दात मोजायला एक्स-रे? शेवटी फाउंड्रीवाल्याचीच पोरगी!”

सगळी प्रयोगशाळा हसली. लेख छापून आला. वाक्ये माझ्या वहीतली, नाव फक्त त्यांचे. विचारले तर म्हणाले, “लग्न झाल्यावर कुठे लागतात गं पेपर?”

मग बाबांनी फाउंड्रीतल्या साहेबांची परवानगी काढून जबडा कास्टिंगमधली पोकळी शोधण्याच्या यंत्रावर ठेवला. पुढच्या दाढेखाली, हाडाच्या आत, पक्का दात वाट पाहत बसला आहे. मागे आणखी दाढेचा मागमूस नाही. म्हणजे पुढची दाढ दुधाची, खऱ्या दाढा तीनच. ओपॉसमशी नाते नाही. जबडा संस्थेच्या कपाटात परत ठेवला आहे, पोच वहीत आहे.

डिसेंबरात याच शोधासाठी सरांचा सत्कार आहे. अंगावर शाल पडेपर्यंत थांबावे. टाळ्याही पूर्ण होऊ द्याव्यात. मग माझी मावसबहीण स्वप्नाली हिने मोठ्या पडद्यावर एक्स-रे लावून हे कलम मोठ्याने वाचावे. “पहिली चूक माझी” हे वाक्य गाळू नये. अर्धवट खऱ्याने सूड घ्यायचा नाही. सरांनी पाणी मागितल्यास द्यावे.

४. त्या दिवशी बाबांना पहिल्या रांगेत, फाउंड्रीच्या गणवेशात बसवावे. ते लाजतील. ऐकू नये.

५. साक्षीदाराला काही दिले तर उगाच शंका निघते, म्हणून मैत्रीण आलियाला काहीच देत नाही. तिने रागावू नये. ती हे वाचून म्हणते, “तू कसली मरतेस! एवढा मसाला वाया जाणार बघ.”

तिचे म्हणणे दोनदा तपासले. म्हणून शेवटी जोडते: शस्त्रक्रियेतून मी वाचले, तर हे सर्व रद्द समजावे. कलम तीन सोडून. ते मी स्वतः वाचीन.

सही: इंद्रायणी ज्योतीराम ढाकणे

आमच्यादेखत सही झाली:
१. आलिया इकबाल शेख
२. तनुजा गणराज बोऱ्हाडे

रावेत, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५