उन्हात न चमकणारा ग्लास

मास्तर,

खिडकीत ठेवलेला तुझा ग्लास आज उन्हात निळसर दिसला नाही. तुझ्या मानेच्या झटक्यांसाठी मी आणलेल्या टॉनिक वॉटरमध्ये कडू क्विनीन असतं, आणि ते उन्हात हलकं निळं चमकतं. म्हणजे बाटलीत साधा सोडा भरून तू माझ्यासमोर तोंड वाकडं करत पितोयस. अभिनय छान होता. "मानेचे झटके कमी झालेत गं," हेही अगदी पटेल असं म्हणालास.

रागावले नाहीये. या पाण्याने झटके थांबतात याला पुरावा नव्हताच. वहिनी म्हणाली आणि मी, केमिस्ट असून, बाटल्या उचलून आणल्या. उरलेल्या सिंकमध्ये ओतल्यात. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. राखाडी शर्टाला इस्त्री केलीय. संध्याकाळी तो घाल.

लॅबच्या संमेलनाला दर वर्षी मी एकटीच जाते. "आधी झटके कमी होऊ देत, मग जाऊ दोघं," असं मीच म्हणत आले. सकाळी आमच्या मॅडमचा फोन आला, तेव्हा तू आंघोळीला गेला होतास. त्यांनी विचारलं, "यंदाही एकटीच ना?"

मी म्हणाले, "नाही मॅडम, नवऱ्याला घेऊन येतेय. त्याची मान मधूनच झटका देते, तेवढं सगळ्यांना सांगून ठेवा."