स्टूल जाळावं

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा शिवणकाम, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवते. दबाव टाकायला माझ्याइतकं खमकं कुणी भेटलंच नाही. हा पाचवा कागद. आधीचे चार खाडाखोड झाली म्हणून फाडले.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीची.

२. शिलाई मशीन काजेबटणं करणाऱ्या बाईला. पंचवीस वर्षं मी तिचं काम उसवलं, तिनं तोंडातून ब्र काढला नाही.

३. मोठ्या जाऊबाईंना माझी मोजपट्टी. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमात मी शिवलेला तिचा फ्रॉक बघून त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, "फ्रॉक डावीकडून जरा वर गेलाय गं." आता बसा मोजत.

४. त्याच दिवसापासून मी मुलीला स्टुलावर उभी करू लागले. हात पसरून, हलायचं नाही. घेर सरळ येईपर्यंत टीप घालायची, उसवायची, परत घालायची. सहा वर्षांची पोर, पाय थरथरायचे. फ्रॉकच काय, तिची वेणी, अक्षर, डबा, सगळंच उसवून परत. एका दुपारी ती "आई, आई" करत होती. मला ऐकू येत होतं. ती कुणाला हाक मारतेय तेच कळेना. माझ्यात आई म्हणून कुणी उरलंच नव्हतं. हात मात्र उसवत होते. बाळा, माझं चुकलं.

५. ते स्टूल जाळावं. मी जाळायला दोनदा बाहेर काढलं, पण त्याचा एक पाय डुगडुगताना दिसला, म्हणून नीट करून परत आत ठेवलं. गेल्या महिन्यात मुलगी बोलता बोलता त्यावर चढली आणि हात पसरले. चव्वेचाळीस वर्षांची बाई! "अगं, उतर," म्हटलं तर दचकली. कधी चढली ते तिलाच ठाऊक नव्हतं.

आत्ता लिहितेय तर चार वर्षांची नात त्यावर उभी आहे. हात पसरून. तिला कुणी शिकवलेलं नाही; तिच्यासाठी मी एक टाकाही घातलेला नाही.

"आजी, सरळ झालं?"

"नाही झालं. तू उतर बघू."

"झालं की उतरते."

६. तिला उचलून घेताना माझं कोपर लागून वरची शाई फिसकटली आहे. कागद बदललेला नाही.

स्थळ: राहतं घर, कामाची खोली
दिनांक: १४ मार्च, सकाळ

साक्षीदार:
१. शेजारचे औषधदुकानदार (सही)
२. मुलीच्या शाळेतल्या निवृत्त बाई (सही)

लिहून ठेवणार: आजी
(सही, नात कडेवर असताना केलेली. वाकडी आहे.)