अवधाण नाही तर काय?

९ जुलै
आंघोळ करताना डाव्या जांघेत गाठ हाताला लागली. करवंदाएवढी. दुखत नाही, हलत नाही. उजवीकडे चाचपलं, तिकडे काही नाही. कधीपासून आहे देव जाणे. आपलंच अंग आणि आपल्यालाच पत्ता नाही!

१० जुलै
सासूबाईंना सांगितलं. उत्तर तयारच. "अवधाण आला असेल गो. पायाला काय लागलाय बघ." पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. चष्मा लावून दोन्ही पाय बघितले. बेचक्या, भेगा, नखं. शिंगाळा माशाचा काटा गेला होता, पण तो शिमग्यात, तेव्हाच बरा झाला. बाकी पाय स्वच्छ. लग्नाआधी मला बघायला आले त्यांनीही इतकं निरखलं नसेल.

१५ जुलै
सा.बा. रोज विटेचा शेक देतात. गाठ ढिम्म. खोकून पाहिलं, आडवी होऊन पाहिलं. शेजारच्या अण्णांचा अंतर्गळ, म्हणजे हर्निया, आडवं झालं की आत जायचा. ही जात नाही. म्हणजे ते नव्हे. मग आहे तरी काय?

२२ जुलै
आज कमाल केली. गावातल्या डॉक्टरकडे गेले. पुरुषमाणूस, त्यात ह्यांच्या ओळखीचा. काय होतंय विचारल्यावर माझ्या तोंडून निघालं, पोटात जळजळतं. पित्ताच्या गोळ्या घेऊन घरी. मासळी विकताना गिऱ्हाइकाशी भांडायला ही जीभ बरी चालते. चीड आली स्वतःची.

२९ जुलै
रत्नागिरीला बाईडॉक्टरकडे. ह्या वेळी नीट सांगितलं, बोट ठेवून. पडदा ओढून सगळं तपासलं. दुसरी जांघ, बगला, मान, पोट, पाय, खालूनही. ताप येतो का, घाम येतो का? नाही. वजन उतरलं का? तराजूवर मासळी चढते, मी कुठे चढते. पण ब्लाऊज सैल झालेत, ते सांगितलं.
मी विचारलं, अवधाण आहे का? म्हणाल्या, असेलही. पण पायाला जखम नाही, गाठ कडक आहे आणि आपणहून जात नाहीये. सुईने थोडं काढून तपासू.
"कॅन्सर?"
"तो नाही ना, हेच बघायचंय."
शेक बंद करायला सांगितला. एस्टीत बसल्यावर भीती वाटली. खूप.

१ ऑगस्ट
मासेमारीची बंदी उठली. हे तांडेल, पहिल्या फेरीला ह्यांनी बोट न्यायची. काल जाळं विणत बसले होते तेव्हा सांगून टाकलं. कुठल्या बाजूला, एवढंच विचारलं. आज बोट दुसऱ्यानेच नेली. ह्यांची म्हणे कंबर धरलीय. सकाळी नारळाचं पोतं उचलताना बरी नव्हती धरली.

४ ऑगस्ट
सुई झाली. फार दुखलं नाही. लॅबवाल्या मुलीला म्हटलं, दाखव काय निघालं. काचेवर लालसर डाग, बस्स. एवढ्याशात सगळं कळतं? म्हणाली, बहुतेक वेळा कळतं, नाही तर गाठच काढून बघतात. मला भिंगातून बघायचं होतं. अजून रंग लावायचाय म्हणाली नि घालवलं. दिलं असतं बघायला तर काय बिघडलं असतं तिचं?

७ ऑगस्ट
बोट आली, कोळंबी चांगली मिळाली म्हणे. हे बंदरावर फिरकलेसुद्धा नाहीत. कंबरेचं सोंग पुरे झालं म्हटलं. मग सरळच विचारलं, "घाबरलात?"
"होय."
वाऱ्यावादळातून बोट आणणारा माणूस. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मी पण, म्हटलं. मग जेवलो.

८ ऑगस्ट
बाईडॉक्टरांकडून फोन आला, रिपोर्ट आलाय, येऊन जा. काय आहे ते फोनवर सांगेनात. चांगलं असतं तर सांगितलं असतं, असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, त्या सगळ्यांनाच बोलावून घेत असतील. खरं तर काय ते कळल्याशिवाय आता मला चैन नाही.
तू आत जा, मी बाहेर थांबतो, म्हणाले. नाही म्हटलं. जे काय असेल ते दोघांनी एकदमच ऐकायचं. मग म्हणाले, थांब, शर्ट बदलून येतो.