जुना नंबर वळवला आहे

११ जुलै
आज माझा टेलिफोनचा बोर्ड काढला. एकोणीस वर्षं बसले त्याच्यासमोर. गजाननने, म्हणजे कंत्राटदाराच्या वायरमनने, चार स्क्रू काढले न् भिंतीवर पांढरा चौकोन उरला. मोठा दवाखाना न् त्याच्याखालची सहा केंद्रं, सगळे फोन आता इंटरनेटवरून.
"ताई, आता मजा करा." मजा! बदली कुठं करतील, कोणास ठाऊक.

१५ जुलै
साहेबांनी बोलावलं. नवीन आहेत, पोरगेलेसे. वाईट नाहीत, घाईत असतात. सहाही केंद्रांत जाऊन फोन तपासायचं काम माझ्याकडं. फॉर्ममध्ये केंद्रामागं पाच ओळी, खाली सही. शेवटची ओळ : जुना नंबर नव्यावर वळवला आहे.
मी म्हटलं, जुनेच नंबर राहू द्या ना, गावोगाव भिंतींवर तेच लिहिलेत. म्हणाले, "ते टेलिफोन कंपनीला परत करावे लागतात. पण जुना लावला तरी नवा फोन वाजेल. तेवढं नीट बघा."

२३ जुलै
पाच केंद्रं झाली. प्रत्येक ठिकाणी मोबाइलवरून जुना नंबर लावला, समोरचा फोन वाजेपर्यंत उभी राहिले. तिसऱ्या ठिकाणी वाजला नाही. गजाननला झापलं. दुसऱ्या दिवशी वाजला.

२६ जुलै
सहावं, घाटाखालचं. नाल्याला पूर, जीप अलीकडंच थांबली. दोन तास बसून परत. साहेबांचे तीन फोन, फॉर्म आजच वर जायचा.
गजाननला विचारलं. "वळवला ताई. म्या सोता लावून पाह्यला."
पाचही ओळींपुढं खुणा केल्या, सही केली.

४ ऑगस्ट
वरून शाबासकीचं पत्र. साहेबांनी पेढे आणले. भिंतीवर मोठा टीव्ही लावलाय, कोणत्या केंद्रात किती फोन आले, किती उचलले. सगळं हिरवं.

१९ ऑगस्ट
घाटाखालच्या केंद्रातून सुमन सिस्टर आली. एसटीनं, स्वतः. केंद्र खोलगटात, तिथं मोबाइल लागत नाही. बसली न् रडायलाच लागली.
काल दुपारी दुर्गा नावाची सव्वीस वर्षांची बाई सोयाबीन निंदताना साप चावून गेली. केंद्र शेतापासून चार किलोमीटर. औषध फ्रीजमध्ये होतं. नवऱ्यानं फोन लावला, लागला नाही. मग मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवून रिसोडच्या दवाखान्याच्या वाटेला लागले. वाटेतच.
"मी दिवसभर तिथंच होते हो ताई. फोन वाजलाच नाही."
ती गेल्यावर जुना नंबर लावला. हा नंबर अस्तित्वात नाही. परत लावला. तेच.

२० ऑगस्ट
गजानन. आधी उचलेना. मग, "वळवाले कंपनीत टाकला होता ताई. झाला असन म्हून सांगतलं."
लावून पाहिला म्हणाला होतास ना?
त्यानं फोन ठेवला.
मीही काय विचारतेय. सही कोणाची?
पाचही नंबर परत लावून पाहिले. वाजतात. तो एकच नाही.

२४ ऑगस्ट
दुर्गाचा नवरा विलास आला, सोबत तिचा भाऊ. साहेबांच्या टेबलासमोर उभाच राहिला.
"बारा येळा लावला म्या. मांगच्या साली तिथं औषध सरलं होतं, एकाले वापस धाडलं. म्हून आधी इचारा म्हटलं. त बाई सांगे, नंबरच नाई. म्हटलं दवाखानाच उठला असन."
साहेबांनी टीव्हीकडं बोट केलं. "त्या दिवशी तिथं एकही फोन आल्याची नोंद नाही."
"मंग म्या कोनाले लावून राह्यलो होतो?"
त्यानं मोबाइल पुढं धरला. बारा वेळा तोच नंबर, एकाखाली एक. साहेबांनी पाहिला.
जाताना माझ्याजवळ थांबला. "आवाज वळखीचा हाये तुमचा. पोरीच्या जलमाच्या टायमाले गाडी तुमीच धाडली होती ना?"
हो म्हटलं.

२८ ऑगस्ट
चौकशी लागली. साहेबांनी दार लोटलं. "नोंद सांगते फोन आला नाही. तेवढंच लिहा. त्यात खोटं काय आहे?"
खोटं काहीच नाही. तेच तर.
"फॉर्मवर माझीही सही आहे, बाई." त्यांची बायको सातव्या महिन्यात.
घरी यांना सांगितलं. जेवण थांबलं. म्हणाले, "त्या मानसाले म्हनतीन तुनंच फोन केला नाई. जलमभर आयकन तो."

३० ऑगस्ट
जुना नंबर परत मागितला. मिळत नाही म्हणे. सुमन गावोगाव फिरून भिंतीवरचा नंबर पुसतेय, एकटीच.

२ सप्टेंबर
साडेदहा वाजता चौकशीचा जबाब लिहायला कोरा कागद दिला. बाजूच्या खोलीत एकटी. पहिली ओळ साहेबांनी सांगितलेली लिहिली. नोंदीनुसार फोन आला नाही. मग खाली : त्या केंद्रात मी गेलेच नव्हते.
पेन थांबलं. गजाननचं नाव घालायचं? त्याला दोन लेकरं. साहेबांची घाई घालायची? पुराचं लिहिलं तर सबब वाटेल.
साहेब दारात. "झालं का, बाई?"
म्हटलं, अजून एक कागद द्या.
त्यांनी टेबलावर पाहिलं. दुसरी ओळ वाचली असणार. कागद आणायला गेले. पाऊण तास झाला, अजून आले नाहीत.