टेबल किती विती

२ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या कार्यालयाचा पाठ-टाचणाचा नवा नमुना मिळाला. छपाई सुबक आहे. दर पाच मिनिटांचे रकाने: शिक्षकाने काय करायचं, मुलांनी काय करायचं, पडद्यावर काय दाखवायचं. प्रोजेक्टर शाळेत एकच. ढकलगाडीवरून वर्गावर्गांत पाहुणचार घेत फिरतो. माझ्या खोलीत प्लग एकच, म्हणजे पंखा किंवा प्रोजेक्टर. चाळीस मुलांसाठी मी पंखा निवडते.

अडचण वेगळी आहे. मोजमापाचा पाठ मी कसा घेते ते तुला ठाऊक आहे. मुलं टेबल आपापल्या वितीने मोजतात. उत्तरं वेगवेगळी येतात आणि भांडण लागतं. तेवढा वेळ मी गप्प बसते. भांडून दमल्यावर कोणीतरी म्हणतं, की सगळ्यांनी एकाच वस्तूने मोजू या. मग मी पट्टी काढते. 'शिक्षकाची कृती' या रकान्यात मी 'गप्प बसणे' लिहिलं. टाचण 'अपूर्ण' शेरा घेऊन दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा परत आलं तर वर्ग काढून घेऊन मला हजेरीपटांच्या कामाला बसवतील, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. प्रेमाने म्हणाल्या, हेही लिहायला हवं.

नमुना तू केलास. एक रकाना मोकळा ठेवता येईल का?

खोकला अंगावर काढू नकोस. तू लहान आहेस तोवर मी हे सांगणारच, आणि तू लहानच राहणार.

तुझी
ताई


९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोकला गेला. नमुन्यातल्या रेघा माझ्या, रकाने साहेबांचे. मोकळ्या रकान्याचं मी बैठकीत काढलं. साहेबांनी विचारलं, की त्या वेळात शिक्षक झोपला नाही हे आपल्याला कसं कळणार. सगळे हसले. मीही हसले. मी अजून कायम झालेली नाही.

ताई, 'निरीक्षण' असं लिही आणि सुटून जा. वर्गात तुला हवं ते कर, कागदावर त्यांना हवं ते दे. सगळे तेच करतात. वर्ग गेला तर तू हजेरीपटांशी भांडत बसशील.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी
ठमी


१६ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

'निरीक्षण' लिहिणार नाही, कारण मी ते करत नाही. मी बघायला लागले की मुलंही माझ्याकडे बघायला लागतात आणि भांडण विझतं. म्हणून मी खिडकीबाहेर बघते.

हा पाठ मला कुठे सुचला ते तू विसरलीस. तू सात वर्षांची होतीस. स्वयंपाकघरातलं टेबल तुझ्या वितीने चौदा भरलं, माझ्या वितीने दहा. बाबांनी मोठीचं बरोबर असं सांगून टाकलं. तू पाटीवरचे चौदा पुसू दिले नाहीस. पाटी उशाखाली घेऊन झोपलीस.

टाचण आहे तसंच पाठवते आहे. काय होईल ते होईल.

तुझी
ताई


२७ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं टाचण तिसऱ्या वेळी माझ्याच टेबलावर आलं. मी 'गप्प बसणे' खोडलं आणि तिथे पट्टीचा व्हिडिओ घातला. तुझ्या नावाने. वर्ग वाचावा, एवढंच मनात होतं.

साहेबांना ते फार आवडलं. आदर्श टाचण म्हणून तेच निवडलंय. इतर शाळांचे शिक्षक तुझा पाठ बघायला येणार आहेत. आणि मला कायम केलं. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून घाईने लिहिते आहे.

सुट्टीत घरी येऊ ना? दोन ओळी तरी पाठव. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझीच
ठमी


१९ सप्टेंबर

चि. ठमीस,
आशीर्वाद.

पाठ झाला. त्याआधी मुख्याध्यापिकांनी पुढच्या वर्षीच्या वर्गांची वाटणी समोर ठेवून विचारलं, की टाचणाप्रमाणेच पाठ घ्याल ना. मी गप्प बसले. त्यांनी होकार धरला. मी तो खोडून काढला नाही.

पंखा बंद करून प्रोजेक्टर लावला. व्हिडिओत एक हसरी पट्टी येते आणि स्वतःची ओळख करून देते. मग मुलांनी टेबल पट्टीने मोजलं. सगळ्यांचं उत्तर एकच आलं, ते मी फळ्यावर लिहिलं. कोणी भांडलं नाही. पाठ वेळेआधी संपला. पाहुण्यांनी घाम पुसून टाळ्या वाजवल्या.

तुझा हेतू वाईट नव्हता, असं मी स्वतःला सांगते. अजून पटलेलं नाही. सुट्टीत ये, घर तुझंही आहे. शाळेचा विषय मात्र काढू नकोस.

पाहुणे गेल्यावर खिडकीजवळ बसणारी मुलगी मागे राहिली. तिने टेबलावर विती टाकल्या, वहीत आकडा लिहिला. फळ्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी तोंड उघडायच्या आत तिने आपला आकडा खोडला.

तू पाटी उशाखाली घेऊन झोपली होतीस.

ताई